शब्दांची एसटी

संगणक आणि भाषा हा आजचा विषय. विषय ऐकून कुणी कान मिटू नयेत म्हणून सुरुवात एका उत्तरपत्रिकेपासून करतो.

गोष्ट भामरागडची आहे. चंद्रपूर जिल्ह्यातून १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर काही वर्षांनी मी भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो. आलापल्लीहून निघालेली एसटी पेरमिली, ताडगाव, हेमलकसा असे थांबे घेत भामरागडला पोचायची. अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचे, पण सगळा रस्ता जंगलातला. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या इथे भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की एसटी बंद, टपाल बंद, आणि आम्ही जिथल्या तिथे.

वर्गातली बहुतेक मुले माडिया. माडिया ही गोंडीचीच एक बोली, आणि गोंडी ही तेलुगू, कन्नड, तमिळ यांच्या द्राविड कुळातली. म्हणजे मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही, शेजारपणाचे आहे. या मुलांच्या कानावर मराठी पडायची ती शाळेत आल्यावरच. मी स्वतः ब्रह्मपुरीकडचा, घरात झाडीबोली बोलणारा. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो म्हणून शिकताना मी स्वतः बोलणी खाल्लेली. पण माणूस शिक्षक झाला की हे सोयीस्कर विसरतो.

तर एका चाचणीत मी सहा वाक्ये दिली. रिकाम्या जागी ‘आला’, ‘आली’ की ‘आलं’ ते लिहायचे. एका मुलीने लिहिले: बाबा आला, आई आलं, बैल आलं, गाय आलं, पाऊस आलं, दादा आला. मी लाल शाईने चार फुल्या मारल्या, सहापैकी दोन गुण दिले आणि खाली शेरा लिहिला, ‘अभ्यास कर.’

त्याच आठवड्यात पूर आला. शाळेत अडकून पडलो असताना वेळ जावा म्हणून आमच्या स्वयंपाक्याला ती उत्तरपत्रिका वाचून दाखवली. तो माडिया. मला वाटले होते, तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, ‘गुरुजी, आमच्या बोलीत बाप्या तेवढा वेगळा, बाकी सगळं एकच.’

गोंडीत ‘तो’ यासाठी ‘वोर’ म्हणतात. ‘ती’ आणि ‘ते’ या दोन्हींसाठी मात्र शब्द एकच, ‘अद’. बाई, बैल, गाय, झाड, पाऊस सगळे ‘अद’मध्ये. आता ती उत्तरपत्रिका पुन्हा बघा. बाबा आणि दादा हे पुरुष, म्हणून ‘आला’. उरलेली चारही नावे दुसऱ्या गटातली, म्हणून ‘आलं’. मुलीने एकही चूक केली नव्हती. तिने नियम पाळला होता, सहाच्या सहा वेळा. नियम तिच्या भाषेचा होता, माझ्या भाषेचा नव्हता, एवढेच. आळशी मुलाच्या चुका विखुरलेल्या असतात. इतक्या शिस्तीत चुकणाऱ्या मुलाच्या डोक्यात काहीतरी पक्के चालू असते.

ते पक्के काय असते, हे मला पुष्कळ वर्षांनी, संगणकाच्या वाटेने गेल्यावर कळले.

संगणकशास्त्रात एक अगदी साधे यंत्र आहे. यंत्र म्हणजे लोखंडी चाके नव्हेत, कागदावरची कल्पना. त्याला इंग्रजीत ‘फायनाइट स्टेट मशीन’ म्हणतात, मराठीत आपण ‘मर्यादित अवस्थांचे यंत्र’ म्हणू. रेडिओवर फळा नसतो, म्हणून आपली एसटीच घेऊ.

समजा, एसटीच्या कंडक्टरला फक्त दोन गोष्टी ठाऊक आहेत. आपण आत्ता कोणत्या थांब्यावर आहोत, आणि इथून पुढे कोणकोणत्या थांब्यांना रस्ता आहे. मागे काय झाले ते तो लक्षात ठेवत नाही. पेरमिलीला आहोत? मग पुढे ताडगाव. ताडगावला आहोत? मग पुढे हेमलकसा. पेरमिलीहून थेट भामरागड मागाल तर तो म्हणेल, ‘असा रस्ता नाही.’ थांबे मोजके, रस्ते ठरलेले. शेवटच्या थांब्याला गाडी पोचली तर प्रवास खरा, अधेमधे अडकली तर खोटा. झाले आपले यंत्र. थांबा म्हणजे अवस्था, आणि थांबे मोजके म्हणून अवस्था मर्यादित.

आता या एसटीत प्रवासी म्हणून एक मराठी शब्द बसवू. ‘देवळासमोरच्यांनासुद्धा.’ आपण हा शब्द सहज बोलून जातो. त्यात किती डबे जोडले आहेत याचा विचार करत नाही. पहिला थांबा ‘देऊळ’. तिथून ‘देवळा’, ज्याला शाळेत आपण सामान्यरूप म्हणून शिकलो. तिथून ‘समोर’. मग ‘च्या’, तो अनेकवचनी म्हणून डोक्यावर अनुस्वार. मग ‘ना’. शेवटी ‘सुद्धा’. प्रत्येक थांब्यावरून पुढे कुठे जाता येते ते ठरलेले आहे. ‘ना’ नंतर ‘सुद्धा’ चालेल, ‘च’ चालेल, ‘ही’ चालेल. ‘समोर’ चालणार नाही. ‘देवळालासमोर’ असे मराठी माणूस झोपेतही म्हणत नाही, कारण त्या बाजूला रस्ताच नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? सगळे शब्द सरळ संगणकात भरून टाकावेत. हिशेब करून पाहा. समजा, दहा हजार नामे आहेत आणि प्रत्येकाला अशा दोनशे शेपट्या लागू शकतात. म्हणजे रूपे झाली वीस लाख. ती कोण टंकणार आणि कोण तपासणार? थांबे आणि रस्ते आखले तर मात्र दहा हजार नामे एका बाजूला, दोनशे शेपट्या दुसऱ्या बाजूला आणि मधे जोडणारे रस्ते, एवढ्यावर भागते. शेपट्या सगळ्यांच्या सामाईक. गावे कितीही असोत, हमरस्ता एकच पुरतो.

दुसरी शंका अशी, की प्रत्यय नुसता कापून टाकला तर? शेवटी ‘त’ दिसला की काढा, ‘ला’ दिसला की काढा. ‘घरात’मधून ‘त’ काढला, ‘घरा’ उरले, ठीक. पण ‘शेत’मधून ‘त’ काढला तर ‘शे’ उरते, आणि संगणक सांगतो की शेत म्हणजे शंभराच्या आत! ‘भात’ शिजत नाही, त्याचा ‘भा’ होतो. ‘कला’चा ‘क’ होतो. कात्री चालवायला अक्कल लागत नाही. कुठे चालवायची नाही, हे कळायला लागते.

याचा फटका कुठे बसतो तेही सांगतो. एका कार्यालयात जुन्या कामांच्या नोंदी संगणकावर चढवल्या होत्या. मला एका विहिरीच्या कामाची नोंद हवी होती. ‘विहीर’ टंकून शोध घेतला, तर निघाल्या मोजक्या नोंदी. बाकीच्या होत्या ‘विहिरीचे बांधकाम’, ‘विहिरींची दुरुस्ती’, ‘विहिरीसाठी निधी’ अशा. त्यात ‘ही’ ऱ्हस्व झालेली, म्हणून संगणकाच्या लेखी तो शब्दच निराळा. नोंद होती, पण सापडत नव्हती. आणि जी नोंद सापडत नाही ती नसल्यात जमा, हे कचेरीच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही सांगायला नको.

मराठीची खरी गंमत इथेच आहे. प्रत्यय लागताना शब्द आतून बदलतो. ‘देऊळ’चे ‘देवळात’, ‘पाऊल’चे ‘पावलावर’, ‘पाऊस’चे ‘पावसात’. इथे ‘ऊ’चा ‘व’ झाला. ‘माणूस’चे ‘माणसाला’, ‘लाकूड’चे ‘लाकडाला’, ‘कापूस’चे ‘कापसाला’. इथे ‘ऊ’ गळून गेला. ‘दूध’चे ‘दुधाला’, इथे ‘ऊ’ नुसता आखडला. पण ‘दूत’चे मात्र ‘दूताला’, दीर्घच्या दीर्घ, कारण तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. कानाला दूध आणि दूत शेजारी, पण दोघांचे रस्ते वेगळे.

म्हणून यंत्र बांधणारे लोक शब्दांची कुळे पाडतात. देऊळ, पाऊल, पाऊस यांचे एक कुळ. माणूस, लाकूड, कापूस यांचे दुसरे. एका कुळातल्या एका शब्दाची सगळी रूपे नीट लिहून ठेवली की बाकीचे भाऊबंद त्याच वाटेने जातात. मुंबईच्या आयआयटीत पवईला पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने मराठीसाठी नेमके हे काम केले. मुग्धा बापट, हर्षदा गुणे आणि भट्टाचार्य यांनी मराठीच्या अशा यंत्रावरचा निबंध २०१० साली मांडला. शब्दांची कुळे आणि मर्यादित अवस्था, या दोन्हींची सांगड त्यात आहे. आपण शाळेत कंटाळत पाठ केलेले सामान्यरूप तिथे अभियंत्यांच्या मदतीला धावून आले.

या यंत्राला अजून एक सोय आहे. ते शब्द नुसता तपासत नाही, एका रूपातून दुसऱ्या रूपात नेते. कंडक्टरच्या हातात दोन पट्ट्या आहेत असे समजा. एका पट्टीवर ‘देऊळ, सामान्यरूप, त’ असे लिहिले आहे. तो एकेक अक्षर वाचतो आणि दुसऱ्या पट्टीवर लिहीत जातो. ‘दे’ वाचले, ‘दे’ लिहिले. ‘ऊ’ वाचला, पण पुढे सामान्यरूप येणार असल्यामुळे रस्ता ‘व’चा आहे, म्हणून ‘व’ लिहिला. शेवटी ‘देवळात’ तयार. तीच गाडी उलटी चालवा. ‘देवळात’ दिले की ‘देऊळ, सामान्यरूप, त’ हाती येते. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच. शब्द घडवायलाही तोच नकाशा, उलगडायलाही तोच.

या कल्पनेचा प्रवासही मजेदार आहे. नियमांच्या साखळीतून भाषा घडवण्याची दृष्टी आपल्याकडे पाणिनीपासून आहे. त्याची सूत्रे चार हजारांच्या आसपास. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या क्लीनी या गणितज्ञाने १९५६ साली अशा मर्यादित यंत्रांना काय जमते आणि काय नाही, याचे गणित छापले. लगेच पुढच्या वर्षी नोम चॉम्स्की यांनी दाखवले की वाक्यरचनेला हे यंत्र अपुरे पडते. कारण सोपे आहे. आपल्या कंडक्टरकडे वही नाही. किती प्रवासी चढले आणि तितकेच उतरले का, हे तो सांगू शकत नाही. वाक्याच्या पोटात वाक्य, त्याच्या पोटात आणखी एक, असे कितीही उघडता येते, आणि उघडलेले प्रत्येक वाक्य पुढे बंद करावे लागते. हा हिशेब मोजक्या थांब्यांत बसत नाही.

यामुळे भाषाशास्त्रज्ञांनी या यंत्राकडे बरीच वर्षे पाठ फिरवली. पण वाक्याला अपुरे पडते म्हणून शब्दालाही अपुरे पडेल असे नाही. सी. डग्लस जॉन्सन यांनी १९७२ साली दाखवून दिले की भाषाशास्त्रज्ञ उच्चारांचे जे नियम लिहितात ते असल्या साध्या यंत्राकडूनही पार पडतात. फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे रोनाल्ड कॅप्लन आणि मार्टिन के यांना तीच गोष्ट नव्याने सापडली. आणि १९८३ साली फिनलंडच्या किम्मो कोस्केनिएमी यांनी फिनिश भाषेचे शब्द उलगडणारी पद्धत प्रसिद्ध केली. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती सांगतात. आपल्या आठांचे ओझे वाटणाऱ्यांनी तिकडे बघावे. इंग्रजीत नामाला फार शेपट्या नसतात, म्हणून इंग्रजांना याची निकड नव्हती. निकड होती ती फिनिशसारख्या भाषांना, तुर्कीसारख्या भाषांना, आणि आपल्या मराठीला.

आता आजचा प्रश्न. गेल्या काही वर्षांत संगणकाला भाषा शिकवण्याची तऱ्हाच पालटली. नियम सांगायचे नाहीत, कोट्यवधी वाक्ये ओतायची, आणि संगणकाने आपली आपण रीत शोधायची. भाषांतर करणारी, गप्पा मारणारी नवी यंत्रे अशीच बनली आहेत. मोठ्या भाषांत त्यांनी जुन्या पद्धतीला बरेच मागे टाकले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी शुद्धलेखन तपासणे, ‘२०२५’ हा आकडा ‘दोन हजार पंचवीस’ असा वाचून दाखवणे, अशा जागी मर्यादित अवस्थांचे यंत्र अजून नेकीने नोकरी करते.

पण ओतायला कोट्यवधी वाक्ये आणायची कुठून? मराठीत वर्तमानपत्रे आहेत, कादंबऱ्या आहेत, शासन निर्णय आहेत. माडियात काय आहे? गाणी, कथा, भांडणे, अंगाई, गावच्या बैठकीतली भाषणे. सगळे तोंडी. जे कागदावर नाही ते संगणकात जात नाही, आणि जे संगणकात नाही ते उद्याच्या मोबाइलला कळणार नाही.

इथे ते जुने साधे यंत्र पुन्हा कामाला येते. त्याला कोट्यवधी वाक्ये नकोत. त्याला हवेत काही हजार शब्द, जोडण्याचे नियम, आणि ‘असं म्हणतात का हो?’ असे विचारले तर हो की नाही ते सांगणारा एक जाणता माणूस. युरोपच्या उत्तर टोकाला सामी नावाचे लोक राहतात. रेनडिअर पाळण्यासाठी ते जगाला ठाऊक आहेत. त्यांची सर्वांत मोठी भाषा, उत्तर सामी, बोलणारे लोक वीस-पंचवीस हजार असतील. नॉर्वेतल्या ट्रोम्सो इथल्या अभ्यासकांनी तिचे शब्द असल्याच यंत्रात बसवले आणि २००७ साली तिचा शुद्धलेखन-तपासनीस लोकांच्या हाती आला. वीस-पंचवीस हजारांच्या भाषेला हे मिळू शकते, तर गोंडी २०११ च्या जनगणनेप्रमाणे जवळजवळ तीस लाखांची भाषा आहे. ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, ही गोष्ट वेगळी.

गोंडीत काहीच घडत नाही असे मात्र नाही. १९०६ साली निघालेल्या ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात गोंडीचे नमुने आहेत. गोंडीच्या दोन लिप्यांना २०१७ आणि २०१८ साली संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, जागा मिळाली. २०१८ मध्येच अनेक राज्यांतल्या गोंडी भाषकांनी एकत्र बसून केलेला प्रमाण शब्दकोश आला. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन आणले, त्यात गोंडी आहे. पण गोंडी मध्य प्रदेशापासून तेलंगणापर्यंत पसरलेली. बैतुलची गोंडी आणि भामरागडची माडिया यांत बरेच अंतर आहे. एकीचा नकाशा दुसरीच्या जंगलात वाट दाखवेलच असे नाही.

आता पुन्हा त्या मुलीकडे येतो. ती शिकली आणि आपल्याच भागात आशा कार्यकर्ती झाली. काही वर्षांपूर्वी भामरागडला गेलो तेव्हा भेटली. मी तिला ती चाचणी सांगितली. तिला आठवत नव्हती. फुल्या मारणाऱ्यालाच जास्त आठवतात बहुधा. मी म्हटले, ‘तुझ्या बोलीचे रस्ते मला लिहून काढायचे आहेत. मदत करशील?’ ती म्हणाली, ‘गुरुजी, मला नियम येत नाहीत. आजीला विचारू.’

मग आम्ही तिच्या आजीसमोर वही घेऊन बसलो. एका ओळीत एक शब्द, पुढे रकाने: एक असेल तर, अनेक असतील तर, ‘त्याच्यात’, ‘त्याला’, ‘त्याच्याकडून’. गोंडीत हाताला ‘कय’ म्हणतात, अनेक हात झाले की ‘कयक’. शेवटी ‘क’ आला. मला वाटले, झाला नियम. पण पुढे काही शब्दांना नाकातला ‘ंग’ लागलेला निघाला, आणि पुरुषांच्या शब्दांची तर तऱ्हाच वेगळी. म्हणजे इथेही कुळे आली, देऊळ-पाऊल आणि माणूस-लाकूड यांच्यासारखीच. मी मुद्दाम एका कुळाचा प्रत्यय दुसऱ्या कुळाच्या शब्दाला लावून विचारी. आजी डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची: नाही. का नाही, ते तिला सांगता येत नव्हते. पण एकदाही ती अडखळली नाही. त्या रस्त्याने गाडी जात नाही हे तिला पक्के ठाऊक होते. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईच्या डोक्यात सगळा नकाशा होता. आम्ही फक्त तो उतरवून घेत होतो.

मी बोलत असताना ती मुलगी म्हणाली, ‘गुरुजी, नदीपलीकडच्या गावात हा शब्द असा म्हणत नाहीत.’ हे ऐकून मी चपापलो. कारण यातच मोठा धोका आहे. ज्या गावाची बोली यंत्रात भरू, तीच ‘शुद्ध’ ठरणार, आणि शेजारच्या गावाच्या शब्दाखाली संगणक लाल रेघ मारणार. म्हणजे माझी लाल शाई परत आलीच, फक्त आता ती न थकता सगळ्यांच्या वहीवर चालणार. उपाय आहे, आणि तो या यंत्रात सहज बसतो. एका थांब्यावरून दोन रस्ते ठेवायचे, दोन्ही खरे. मात्र ते ठेवायचे की नाही हे यंत्र ठरवत नाही. वही कोणाला विचारून भरली, त्यावर ते ठरते.

या यंत्राला अर्थ कळत नाही, हेही सांगायला हवे. ‘जाते’ हा शब्द दिला तर ते सांगेल: एक, ‘जा’ या क्रियापदाचे रूप, दोन, दळण्याचे जाते. ‘आजी जाते’ म्हटल्यावर आजी निघाली की दळायला बसायचे आहे, हे त्याला ठाऊक नाही. ते फक्त म्हणते, इथे पोचायला दोन रस्ते आहेत, निवड तुम्ही करा. माझ्या मते हा प्रामाणिकपणा आहे. आपल्याला किती कळते ते या यंत्राला नेमके माहीत असते. मला त्या चाचणीच्या दिवशी एवढेही माहीत नव्हते.

हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया शिकावी लागली. रोग्याला कुठे दुखते ते विचारता आले नाही तर औषध कसे देणार? शाळेचेही तसेच आहे. मुलाच्या डोक्यात आधीपासून कोणते रस्ते आखलेले आहेत, हे ठाऊक नसताना आपण त्यावर नवा रस्ता टाकू पाहतो आणि गाडी अडली की मुलाला ढ ठरवतो. माडिया मुलाला मराठी शिकवायचीच आहे, त्याला ती लागणारच आहे. पण ‘आई आलं’ लिहिणाऱ्या मुलीला ‘चूक’ म्हणण्याऐवजी ‘तुझ्या भाषेत दोन गट, मराठीत तीन, हा तिसरा असा’ असे सांगितले असते तर काम एका तासिकेचे होते.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, वनरक्षक आहेत, आणि आता शिकलेली माडिया मुले-मुलीही आहेत. एक वही ठेवा. एका ओळीत एक शब्द आणि पुढे त्याची रूपे. कुठल्या गावात, कोणत्या वयाच्या माणसाकडून ऐकले ते लिहा. दोन गावांत दोन रूपे मिळाली तर दोन्ही लिहा, एक खोडू नका. त्यापासून यंत्र बांधायला पुढे कोणीही संगणकवाला मिळेल. त्याची साधने आज फुकट मिळतात. आजी मात्र मिळणार नाही. ‘असं म्हणत नाहीत’ असे मान हलवून ठामपणे सांगणारी माणसे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.

आणि त्या मुलीचे माझ्याकडे चार गुण बाकी आहेत. त्या दिवशी वही मिटताना मी ते तिला देऊ केले. ती हसली आणि म्हणाली, ‘आता काय करू त्यांचं, गुरुजी? माझी पोरगी पहिलीत आहे. तिच्या बाईंना सांगा.’

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)